मऊ आवाज आणि खरखर : बिंग क्रॉस्बीच्या फितीचं प्रकरण, १९४६–४८

मार्च १९४७ मध्ये अमेरिकी गायक बिंग क्रॉस्बीला ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गाणं डेक्का कंपनीसाठी दुसऱ्यांदा गावं लागलं. वाद्यवृंद जॉन स्कॉट ट्रॉटरचाच, साथीला केन डार्बी सिंगर्सच, गायकही तोच. २९ मे १९४२ रोजी केलेल्या पहिल्या मुद्रणावरून इतक्या तबकड्या छापल्या गेल्या होत्या की मूळ साचे झिजून निकामी झाले. आज डिसेंबरात जगभर जे ऐकू येतं ते बहुतेक वेळा १९४७ चं मुद्रण असतं. सुरुवातीला बासरी आणि सेलेस्टा (घंटेसारख्या नादाचं पट्ट्यांचं वाद्य) ऐकू आली की ते दुसरं, हे ओळखायचं. म्हणजे त्या काळच्या सर्वांत लाडक्या आवाजाची मूळ छबी लोकांच्या प्रेमानंच पाच वर्षांत घासून टाकली.

जुन्या गायकांचा वारसा जपायचा म्हटलं की आपल्याकडे हार, दीपप्रज्वलन आणि त्यांच्याच गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. ते करावंच. पण क्रूनर मंडळींच्या, म्हणजे मायक्रोफोनजवळ मऊ आवाजात गाणाऱ्या गायकांच्या बाबतीत वारसा म्हणजे नेमकं काय उरलंय आणि ते कितव्या प्रतीत उरलंय, हा प्रश्न आधी येतो. त्याचं उत्तर १९४६ ते १९४८ या दोन वर्षांतल्या एका प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं इतरत्र दिसत नाही, म्हणून ते सविस्तर मांडतो आहोत.

क्रूनरचा आवाज कशाचा बनलेला असतो

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी गायकाला कर्ण्यात गावं लागे आणि रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. आपल्या संगीत नाटकांतला खडा, टिपेचा आवाज त्याच गरजेतून घडला. मायक्रोफोननं ही सक्ती काढून टाकली. कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. मराठीत जी. एन. जोशी आणि पुढे गजानन वाटवे यांच्या भावगीताला जी जागा मिळाली, ती याच यंत्रामुळे.

अमेरिकेत या गाण्याला ‘क्रूनिंग’ म्हणत, आणि सुरुवातीला तो कौतुकाचा शब्द नव्हता. बॉस्टनचे कार्डिनल ओकॉनेल यांनी १९३२ मध्ये या गायकीवर जाहीर टीका केली होती. पुरुषानं इतक्या जवळून, इतक्या मऊ आवाजात गावं हेच अनेकांना खटकत होतं.

१९३० नंतरच्या रेडिओ स्टुडिओत आरसीएचा ४४ हा रिबन मायक्रोफोन सर्रास असे. त्यात काही मायक्रॉन जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये लोंबत असते. हा माइक पुढून आणि मागून ऐकतो, बाजूंनी जवळजवळ ऐकत नाही. गायक जवळ सरकला की खर्ज फुगतो. क्रॉस्बीसारख्या बॅरिटोनला, म्हणजे खर्जाकडे झुकलेल्या पुरुषी आवाजाला, तो उबदारपणा आयता मिळे, आणि नको तेव्हा तो पाऊलभर मागे सरकून कमी करता येई. या गायकीचं सगळं सौंदर्य मात्र बारीक गोष्टींत असतं. ओळीच्या शेवटी सोडलेला श्वास, ‘स’ आणि ‘फ’चा फुंकरीसारखा उच्चार, स्वरावर येण्याआधीची किंचित घसरण. या सगळ्या गोष्टी आवाजाच्या पातळीत तळाशी असतात, आणि खरखरही तिथंच असते. पहाडी आवाज घासलेल्या तबकडीतूनही पोहोचतो. मऊ आवाजाला खरखर आधी खाते.

अडचण : आठवड्यातून दोनदा थेट

क्रॉस्बी १९३६ पासून एनबीसी या रेडिओ जाळ्यावर ‘क्राफ्ट म्युझिक हॉल’ हा कार्यक्रम करत होता. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या घड्याळात तीन तासांचं अंतर. म्हणून तोच कार्यक्रम दोनदा, दोन्ही वेळा थेट करायचा. तो आधी मुद्रित करावा आणि दोन्हीकडे लावावा, हे त्याचं म्हणणं. पण एनबीसी आणि सीबीएस या दोन्ही मोठ्या जाळ्यांचा मनोरंजनाचे मुद्रित कार्यक्रम लावायला विरोध होता. रेडिओ म्हणजे थेट, ही त्यांची प्रतिष्ठा होती, आणि मुद्रित आवाज खरोखर वाईट लागे हेही खरं होतं.

१९४६ मध्ये क्रॉस्बी तिथून बाहेर पडला. नव्यानं उभ्या राहिलेल्या एबीसीनं त्याची अट मान्य केली आणि १६ ऑक्टोबर १९४६ पासून ‘फिल्को रेडिओ टाइम’ हा मुद्रित कार्यक्रम सुरू झाला.

मुद्रण व्हायचं ते १६ इंची तबकड्यांवर. ॲल्युमिनियमच्या चकतीवर सेल्युलोज नायट्रेटचा लेप, वेग मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला साधारण १५ मिनिटं. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला दोन बाजू. सरळ मुद्रण करून सरळ लावलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. घोटाळा संपादनात होता. तबकडी कापून जोडता येत नाही. एका तबकडीवरचं गाणं आणि दुसरीवरचा विनोद एकत्र आणायचे तर दोन यंत्रांवर त्या तबकड्या वाजवायच्या, योग्य क्षणी एकीवरून दुसरीवर जायचं, आणि तिसऱ्या यंत्रावर नवी तबकडी कोरायची. एक सेकंद चुकला तर लेप दिलेली कोरी तबकडी वाया. पुढच्या दुरुस्तीसाठी हीच नवी तबकडी पुन्हा वाजवायची. अशा रीतीनं कार्यक्रमाचे काही तुकडे प्रक्षेपणापर्यंत तिसऱ्या-चौथ्या पिढीत पोहोचत.

पिढी वाढली की काय होतं, ते आकड्यांत पाहू. प्रत्येक प्रत आपली खरखर जुन्या खरखरीत मिसळते. प्रत्येक प्रतीची खरखर सारखी धरली तर दुसऱ्या पिढीत ती ३ डेसिबलनं वाढते, चौथ्या पिढीत ६ डेसिबलनं. आकडा लहान वाटतो, पण तळाशी असलेला श्वास बुडायला तेवढं पुरतं.

दुसरा दोष तबकडीच्या भूमितीतला. १६ इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला सुमारे ६९ सेंटिमीटर वेगानं सरकते. मध्यापासून १० सेंटिमीटरवर हाच वेग ३५ वर येतो. वेग अर्धा झाला की वरचे स्वर निम्म्या जागेत दाटीनं कोरले जातात, सुईला ते वळण घेता येत नाही आणि आवाज बोथट, फाटका होतो. एका बाजूचा शेवट आणि दुसरीची सुरुवात सलग लावली तर पडदा उघडल्यासारखा आवाज उजळतो. हे झाकण्यासाठी एक बाजू बाहेरून आत आणि पुढची आतून बाहेर कोरण्याची पद्धत होती. त्यानं जोड लपे, बोथटपणा तसाच राही.

श्रोत्यांच्या ते लक्षात आलं. पहिल्या हंगामात श्रोतेसंख्या घसरली आणि त्याचं एक कारण म्हणून आवाजाच्या दर्जाकडेच बोट दाखवलं गेलं. मुद्रित कार्यक्रमाचा प्रयोग तिथंच गुंडाळला जाण्याची वेळ आली होती.

मलिनची दोन यंत्रं

जॅक मलिन हा अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधला अभियंता. युद्धकाळात इंग्लंडमध्ये असताना रात्री-अपरात्री जर्मन रेडिओवर वाद्यवृंद ऐकू येई. त्यात खरखर नाही, दर काही मिनिटांनी तबकडी बदलल्याची खूण नाही. मध्यरात्री अख्खा वाद्यवृंद थेट वाजतोय की काय, असा प्रश्न त्याला पडे. १९४५ मध्ये फ्रँकफुर्टजवळच्या बाड नाउहाइम इथल्या रेडिओ स्टुडिओत त्याला उत्तर मिळालं : एईजी या जर्मन कंपनीचं मॅग्नेटोफोन, म्हणजे फितीवर ध्वनिमुद्रण करणारं यंत्र. प्लॅस्टिकच्या साडेसहा मिलिमीटर रुंद पट्टीवर लोह ऑक्साइडच्या भुकटीचा लेप, आणि वेग सेकंदाला ७७ सेंटिमीटर.

हे यंत्र १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात आलं तेव्हा त्याचा आवाज सुमारच होता. चमत्कार घडला तो १९४० मध्ये. वाल्टर वेबर या जर्मन अभियंत्याला असं आढळलं की मुद्रण करताना मूळ संकेतात कानाला ऐकू न येणारा अतिउच्च वारंवारतेचा प्रवाह मिसळला की फितीची फुसफुस एकदम खाली जाते आणि आवाजातली विकृतीही कमी होते. एसी बायस म्हणतात ती हीच. चुंबकीय कण लहान संकेताला सहजासहजी हलत नाहीत. हा वेगवान प्रवाह त्यांना सतत हालतं ठेवतो, त्यामुळे अगदी बारीक आवाजाचीही नोंद सरळ होते. मऊ गाणाऱ्यासाठी याहून मोठी देणगी नाही.

मलिननं दोन यंत्रं सुटी करून, भाग भाग टपालानं घरी पाठवले, सोबत कोऱ्या फितीची ५० रिळं. सॅन फ्रान्सिस्कोला परतल्यावर इलेक्ट्रॉनिक भाग अमेरिकी सामानात नव्यानं बांधले. १६ मे १९४६ रोजी तिथल्या रेडिओ अभियंत्यांसमोर प्रात्यक्षिक झालं. जून १९४७ मध्ये क्रॉस्बीच्या कार्यक्रमाचे तांत्रिक प्रमुख मर्डो मॅकेन्झी यांनी ते ऐकलं आणि ऑगस्टमध्ये नव्या हंगामाचा पहिला भाग फितीवर मुद्रित झाला. तो १ ऑक्टोबर १९४७ रोजी प्रसारित झाला.

काम कसं चाले ते पाहण्यासारखं आहे. १००० मीटरचं रीळ ७७ च्या वेगानं साधारण २१ मिनिटं ४० सेकंद चालतं. म्हणून अर्ध्या तासाला दोन यंत्रं हवीतच, पहिलं संपण्याआधी दुसरं सुरू. संपादन कात्रीनं. नको तो तुकडा कापायचा, टोकं तिरकी छाटायची आणि मागून चिकटपट्टी लावायची. तिरकी अशासाठी की जोड वाचनशीर्षापुढून (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागापुढून) क्षणभरात नव्हे, सरकत सरकत जावा, नाहीतर टक् असा आवाज येतो. कात्री चुंबकीय झालेली असेल तर प्रत्येक जोडावर टिचकी ऐकू येते. साध्या सेलोफेन चिकटपट्टीचा गोंद काही दिवसांत कडेनं पाझरतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटवतो. खास जोडपट्टी आली ती याच कारणानं. आणि रिळं मोजून ५०. जर्मनीतून आणखी येणार नव्हती, म्हणून फितीचा साठा पुरवून पुरवून वापरायचा होता.

एक गोष्ट मात्र हळहळ वाटावी अशी. फीत मध्येच तुटेल या भीतीनं सुरुवातीला तयार कार्यक्रम फितीवरून पुन्हा तबकडीवर उतरवून तोच प्रक्षेपित केला जाई. तरीही आवाज आधीपेक्षा कितीतरी स्वच्छ होता, कारण सगळं संपादन पहिल्याच पिढीत उरकलं होतं आणि तबकडीची पिढी एकच लागत होती.

अलेक्झांडर पोनियाटॉफची कॅलिफोर्नियातली अँपेक्स कंपनी त्या वेळी अगदी लहान होती. क्रॉस्बीनं तिच्या यंत्रांसाठी ५० हजार डॉलर आगाऊ दिले. मॉडेल २०० ची पहिली दोन यंत्रं एप्रिल १९४८ मध्ये मलिनच्या हाती आली, त्यानंतरची १२ एबीसीनं घेतली. १९४९ मध्ये क्रॉस्बी सीबीएसवर गेला तेव्हा तिथंही कार्यक्रम मुद्रितच होता. तीन वर्षांपूर्वीचा नियम कुणी आठवतही नव्हतं.

मग तरी काय टिकलं

फीत आल्यानं प्रश्न कायमचा सुटला असं नाही. १ जून २००८ रोजी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत ध्वनिमुद्रणांचं एक कोठार जळालं. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं जी माहिती छापली तिच्यात डेक्काच्या जुन्या मूळ प्रतींचाही उल्लेख होता. नुकसान किती, यावर कंपनीचा वाद आहे. काहीही असलं तरी एकाच छपराखाली एकच प्रत ठेवली की काय होतं, ते त्या दिवशी दिसलं.

उलट उदाहरणही क्रॉस्बीच्याच घरचं. बेसबॉलच्या १९६० च्या जागतिक मालिकेचा सातवा सामना त्यानं दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून फिल्मवर उतरवून घेतला होता. तो पिट्सबर्ग पायरेट्सचा भागीदार, पण सामन्याच्या वेळी पॅरिसमध्ये होता. हे संपूर्ण प्रक्षेपण कुठंच उरलं नाही अशी समजूत होती. डिसेंबर २००९ मध्ये ते त्याच्या घराच्या मद्यतळघरात पाच रिळांमध्ये सापडलं, आणि चांगल्या अवस्थेत होतं. थंड, कोरडी, अंधारी खोली आणि कुणी हात न लावलेली रिळं.

हेच गणित आपल्या कपाटात

मराठी घरांत १९६०–७० च्या दशकांतली स्पूल टेपची रिळं अजून आहेत : घरगुती मैफली, रेडिओवरून उतरवलेली भावगीतं. संग्राहकांमध्ये फिरतात त्या बहुधा प्रतीच्या प्रती, आणि कितवी पिढी हे कुणी लिहिलेलं नसतं. हातात असलेलं रीळ पहिल्या पिढीचं असण्याची शक्यता जरी असली, तरी ते यंत्रावर चढवण्याआधी थांबावं.

आधी फितीचा पाया ओळखा. रीळ बाजूनं उजेडासमोर धरा. गठ्ठ्यातून उजेड आरपार आला तर ती ॲसिटेट, जुनी. अपारदर्शक दिसली तर बहुधा पॉलिएस्टर. ॲसिटेटला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर पाया कुजू लागलाय. ते रीळ बाकीच्यांपासून लगेच वेगळं ठेवा, कारण ती वाफ शेजारच्या रिळांनाही लागते, आणि डिजिटल प्रत घेण्याच्या यादीत ते सर्वांत वर घ्या. १९७०–८० च्या दशकांतल्या, पाठीला काळा लेप असलेल्या काही पॉलिएस्टर फिती वेगळ्याच तऱ्हेनं बिघडतात. लेपाचा गोंद हवेतला ओलावा ओढतो, फीत शीर्षाला चिकटून किंचाळते आणि तपकिरी चिकट थर सोडते. अशी फीत जोर लावून वाजवली तर आवाज त्या थराबरोबर निघून जातो. तिला सुमारे ५० ते ५४ अंश सेल्सिअसवर आठ तास किंवा अधिक ‘भाजतात’, तेही तापमान स्थिर राखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या पेटीत. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये पारा २०–३० अंशांनी वरखाली होतो, तिथं हा उद्योग करू नये. त्यानंतर काही आठवडे फीत वाजते, तेवढ्यात काम उरकायचं. ॲसिटेट फीत कधीही भाजायची नाही.

यंत्राची शीर्षं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, चुंबकत्व काढा. (लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल लावू नका, लाख त्यात विरघळते. त्यांच्यासाठी सुईचं टोकही सुमारे ७५ मायक्रॉनचं लागतं, एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाला घासत जाते.) मग अझिमथ, म्हणजे शीर्षाचा फितीशी असलेला कोन. मूळ यंत्राचा कोन किंचित वेगळा असतो. मोनो (एकाच वाहिनीचं) मुद्रण असेल तर दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐकत स्क्रू अगदी थोडा फिरवा. ‘स’ सर्वांत लख्ख लागेल तिथं थांबा. ही पायरी चुकली तर वरचे स्वर जातात, ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाहीत. डिजिटल प्रती सदोष निघण्याचं सर्वांत सामान्य कारण हेच असतं.

नोंद ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये घ्या. एका वाहिनीला तासाला सुमारे १ जीबी जागा लागते. मूळ फाइलवर खरखर काढण्याची प्रक्रिया करू नका. ही साधनं फुसफुस आणि फुंकर यांत फरक करू शकत नाहीत, गायकाचा श्वास ती कचरा समजून काढतात. ऐकण्यासाठी साफ केलेली प्रत वेगळी ठेवा आणि तिला तसं नाव द्या.

मुंबई-कोकणात पावसाळ्यातली दमट हवा ही फितीची मोठी शत्रू. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि ते वेळोवेळी वाळवून पुन्हा घालणं एवढं तरी हवं. रिळं उभी ठेवा, स्पीकर आणि मोटारीपासून लांब. वाजवून झाल्यावर मागे गुंडाळू नका, शेवट बाहेर ठेवूनच ठेवा. वेढ्यांत एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो. शेवट बाहेर असेल तर त्याची ठळक सावली मूळ आवाजाच्या नंतर पडते आणि त्यातच मिसळते. उलट ठेवलं तर गायकानं तोंड उघडण्याआधीच त्याचा पुसट प्रतिध्वनी ऐकू येतो, आणि मऊ गाण्यात तो फारच बोचतो.

जाहीर कार्यक्रम करायचा असेल तर हक्कांचं गणित वेगळं पाहावं लागतं. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांचा, पण शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ‘व्हाइट ख्रिसमस’चे कर्ते अर्व्हिंग बर्लिन १९८९ मध्ये गेले, म्हणजे इथं २०४९ अखेरपर्यंत. अमेरिकेत १९४२ चं मुद्रण २०४२ अखेर मुक्त होईल आणि १९४७ चं २०५७ अखेर. झिजलेल्या साच्यामुळे झालेलं दुसरं मुद्रण कायद्याच्या हिशेबातही पंधरा वर्षं मागे राहतं.

डब्यावर पेन्सिलीनं लिहायचं ते एवढं : कोण गातंय, कुठं, कोणत्या तारखेला, कोणत्या यंत्रावर, वेग किती (१९ की ९.५ सेंटिमीटर), शेवट बाहेर आहे का, आणि मूळ की प्रत. प्रत असेल तर कशावरून उतरवली. ते ठाऊक नसेल तर ‘पिढी अज्ञात’.